कावळ्याचा निरोप

चादरीच्या कडेचा एक धागा सुटलेला होता, लाल, बोटाच्या पेराएवढा, आणि तो हलत होता. पंखा बंद होता, खिडकीला जुनी गादी टेकवलेली होती, दाराच्या फटीत टॉवेलची वळकटी कोंबलेली होती. या खोलीत हवा हलायला जागाच नव्हती. म्हणजे आपल्याच श्वासाने हलतोय... चेतनाने श्वास धरला. धागा थांबला. सोडला, तसा पुन्हा हलला. एवढं तरी नक्की, असं तिला वाटलं आणि ती माइकसमोर सरळ बसली.

खोली मुळात अडगळीची. तिचा नवरा कमलाकर सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल-चादरीच्या कारखान्यात सुपरवायझर; विणीत दोष निघालेल्या चादरी त्याने तिथून आणून चारी भिंतींना लावल्या होत्या, आवाज घुमू नये म्हणून. त्या मोरांच्या आणि चौकटींच्या आत बसून चेतना पुण्याच्या एका कंपनीसाठी गोष्टी वाचायची. लोक त्या कानात घालून ऐकायचे — भांडी घासताना, गाडी चालवताना, झोप येत नाही म्हणून. सुरुवातीला सासवा-सुनांच्या गोष्टी होत्या. आता कित्येक महिने एकच चालू होती, लोकांनी उचलून धरलेली: सृष्टी नावाची एक बाई, जिला घडलेलं आणि मनात आलेलं वेगळं करता येत नाही. तिला फोन येतात, ते घरात दुसऱ्या कुणाला ऐकू जात नाहीत. तिच्या खिडकीच्या गजावर रोज एक कावळा बसतो आणि नवरा विचारतो, कुठाय कावळा? सृष्टी, तिचा नवरा, तिची मेलेली आई, फोनवरचा माणूस... सगळे आवाज चेतनाचेच. कावळा तेवढा पुण्यात नंतर घालत.

तिचा स्वतःचा फोन टॉवेलच्या गठ्ठ्यावर पालथा पडला होता. वाचायला बसताना ती तो बंद ठेवायची; आज राहून गेलं होतं. मघाशी तो वाजला आणि त्यावर भावजय बोलली, वैरागच्या पलीकडच्या त्यांच्या गावाहून. प्रेमला वहिनी.

"वन्सं... आत्याबाई गेल्या वो."

"कधी?"

"पाटंच. या लवकर. माती कवा करायची ते तुमचं दादा सांगतील."

एवढंच. मग फोन कट झाला, की वहिनीने ठेवला, की तिनेच... आणि चेतना उठली नाही. आई गेल्याचा फोन आल्यावर माणूस उठतं. पाणी पितं, पिशवी भरतं, नवऱ्याला हाक मारतं. ती बसून राहिली, कारण तिने ऐकलं होतं ते शब्दांच्या आधीचं. 'गेल्या' म्हणायच्या आधी वहिनीने श्वास घेतला होता. पूर्ण, छातीभर. खरं रडणाऱ्याचा श्वास शब्दाच्या मध्ये तुटतो, त्याला तो सांभाळता येत नाही. आधी श्वास भरून मग शब्द उच्चारतो तो सांगायचं ठरवून आलेला असतो. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. शेकडो वेळा स्वतःचंच रडणं कानाला लावून, कुठलं ठेवायचं आणि कुठलं पुसायचं हे ठरवताना हे कळत गेलं होतं.

म्हणजे कावळा. आईच्या डोक्यावर कावळा बसला आहे.

त्यांच्या गावात अजून पाळतात. कावळा माणसाच्या डोक्यावर बसला किंवा टाळूला टोचून गेला तर ते मरणाचं लक्षण. आणि त्यावर उपाय असा की त्या माणसाच्या जवळच्या कुणाला तरी तो मेल्याचा खोटा निरोप पाठवायचा. ऐकणाऱ्याने खरं मानून रडायचं. ते रडं पडलं की मरण फसतं, माणसाला आयुष्य मिळतं. निरोप खोटा आहे हे आधी सांगायचं नाही, आधी विचारायचंही नाही. रडणाऱ्याला ते ठाऊक असलं तर काही उतरत नाही.

ती शाळेला बार्शीला मामाकडे होती तेव्हा वडिलांच्या वेळी असाच निरोप आला होता. मामींनी तिचं तोंड धुतलं, एसटीत बसवलं, आणि ती वैराग येईपर्यंत रडली — सगळी बस वळून बघत होती — रडता रडता फ्रॉकवर ओकली. घरी पोहोचली तर वडील ओट्यावर बसून चहा पीत होते. अंगणात बायका, पोरं, सगळे हसायला लागले, आणि वडील सगळ्यांना सांगत होते, "बघा, माजी पोरगी किती रडली! आता यमाच्या बापाला बी न्हाय घावायचा मी." आईही हसत होती, मिश्रीचे काळे दात दाखवत. तिला आठवतं ते वडील जिवंत दिसल्याचं सुख नाही. ते असणारच, ते कुठेतरी असेल. आठवतो तो हशा, आणि आपल्या फ्रॉकचा वास. पुढे वडील खरे गेले, सोलापुरातल्या दवाखान्यात, ती उशाशी असताना. तेव्हा पाणी आलं नाही. ते रडं तिने आधीच देऊन टाकलं होतं.

तर कावळा. म्हणून ती उठली नाही. आणि आता, हे खरं तर कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं, आज वाचायचा भाग नेमका सृष्टीच्या आईचा होता. सृष्टीला कळतं की आई खरंच गेली आहे, आणि ती रडते. चेतनाने कागद पुढे ओढला आणि वाचलं. एकदाच, न थांबता. डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून आलं, गळा आतून सोलल्यासारखा झाला. शेवटचं वाक्य संपल्यावरही ती थोडा वेळ सृष्टीच राहिली आणि मग दोष निघालेल्या टॉवेलांतला एक घेऊन तोंड पुसलं. तेवढाच तुकडा कापून फाइल पाठवली. पुण्याच्या ऋतुराजचा आवाजी निरोप लगेच आला. पोरगा तिला कधी भेटलेला नाही, आवाजावरून पंचविशीचा वाटतो.

"मॅम, ऐकलं. किलर आहे! फक्त एक... शेवटी जरा कमी करता येईल? म्हणजे ही खरंच रडतीये की नाटक करतीये, लिसनरला डाउट राहायला पाहिजे. आत्ता फारच खरं वाटतंय."

तिने पुन्हा केलं. या वेळी डाउट ठेवून. ते जमलं. ते नेहमी जमतं.

मग ती चादरींकडे बघत बसली. दोनदा रडून झालं होतं आणि दोन्ही वेळा ते सृष्टीच्या आईसाठी होतं. त्या बाईला चेतनाने आपल्या मनाने पांढरं लुगडं आणि बारीक आवाज दिला होता. गोजरबाईसाठी, मोठ्याने बोलणाऱ्या, फोन म्हणजे पलीकडच्या शेतातल्या माणसाला हाक मारणं समजणाऱ्या, दम लागला तरी जात्यावर बसल्यासारखी पुढेमागे डुलत बोलत राहणाऱ्या तिच्या आईसाठी अजून एक थेंब पडला नव्हता. निरोप खोटा असेल तर आईचं मरण या कोरड्या डोळ्यांमुळे अजून तिच्याभोवती घिरट्या घालतंय. खरा असेल तर तिथे आईला अंघोळ घालत असतील, लेकीची वाट बघत असतील, आणि किती वेळ बघतील? दोन्हीकडून तिच्याकडे एकच मागणं होतं. रड. आणि तिला ते काम आता इतकं ओळखीचं झालं होतं की ते कुठून सुरू करायचं हेच कळत नव्हतं.

कमलाकर जेवायला आला, हेल्मेट काढलं, स्वयंपाकघरात डोकावला.

"काय गं, आज चूल बंद? सृष्टीबाईंनी उपास धरलाय का?"

"वहिनीचा फोन होता. आई गेली म्हणाली."

तो उभा होता तिथेच राहिला. हेल्मेट पुन्हा उचललं, परत ठेवलं. "म्हणाली म्हणजे?"

"कावळ्याचा निरोप असेल."

"गेलेल्या माणसाला असेल-नसेल असतं का? लाव की फोन."

"रडायच्या आधी विचारायचं नसतं."

"मग रड आणि विचार," तो म्हणाला. त्यात थट्टा नव्हती. यंत्राचा धागा तुटला तर आधी जोड आणि मग बटण दाब, असंच तो कामगारांना सांगत असेल.

"तुम्हाला सांगितलं होतं ना आईने मागच्या रविवारी? अंगणात ज्वारी निवडत होती, कावळा डोक्यावर बसला म्हणून. 'टाळक्यावर बसलं मेलं' म्हणाली."

"मला?" कमलाकर खुर्चीवर बसला. "सासूबाई माझ्याशी फोनवर 'बरं हाय का' पलीकडे कधी बोलल्यात? कावळ्याचं तूच सांगत होतीस. त्या तुझ्या गोष्टीतलं."

"गोष्टीतला कावळा गजावर बसतो. डोक्यावर नाही."

"मग मला काय माहीत, बाई. तुझ्या खोलीत माणसं किती आणि कावळे किती, मी मोजायचं सोडून दिलंय."

तो हे सहज म्हणाला, थकल्यासारखा. पण चेतनाच्या पायाखालचं काहीतरी अलगद काढून घेतल्यासारखं झालं. रविवारचा फोन ती आठवायला लागली. आई बोलत होती, हे नक्की. पाऊस नाही, हिंदुरावदादाचा गुडघा दुखतोय, शेजारच्या म्हाळसाबाईची म्हैस व्याली... आणि ज्वारी. ज्वारी निवडत होती? की ज्वारी तिने स्वतः ठेवली, आईच्या हातात, सुपात, कारण रिकाम्या हातांची आई तिला डोळ्यांपुढे आणता येत नाही? 'टाळक्यावर बसलं मेलं' हे आईच्याच आवाजात ऐकू येत होतं, अगदी स्वच्छ. पण आईचा आवाज काढणं तिला काय अवघड होतं? इतकी वर्षं ती तेच काम करत होती. ऐकलेला आवाज आणि काढलेला आवाज आत एकाच जागी पडून असतात, त्यांवर खूण नसते.

कमलाकरने हिंदुरावाला फोन लावला. बंद. तो एरवीही बंदच असतो. दादा शेतात जाताना फोन कोनाड्यात ठेवतो. वहिनीचा वाजून वाजून थांबला. माहेरच्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भाच्याने, अभिमन्यूने, सकाळी पाठवलेलं जास्वंदीचं फूल होतं, शुभ सकाळ, आणि त्याखाली काही नाही. तो शिकायला लांब, पुण्यात; त्यालाही अजून कळलं नसेल. किंवा कळवण्यासारखं काही नसेल.

मग तिने न राहवून म्हाळसाबाईला फोन लावला. मागे खूप माणसांचा आवाज होता, किंवा म्हशीची धार काढायचं पत्र्याचं भांडं, किंवा दोन्ही.

"काकू, मी चेतना."

"व्हय गं बाई." आणि मग गप्प. म्हाळसाबाई आयुष्यात कधी गप्प बसलेली नाही.

"काकू, आई..."

"रडलीस का तू?"

चेतनाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"रड बाई, मन मोकळं कर. आन ये. आली म्हंजे बगशील की तूच. आता काय सांगू मी हितनं?" पलीकडे कुणीतरी काही बोललं, म्हाळसाबाई त्यांच्यावर खेकसली, "गप की रं जरा!" आणि फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?" कमलाकरने विचारलं.

"रडलीस का म्हणाल्या."

त्याने दोन्ही हात वर केले आणि खाली सोडले.

पिशवी घ्यायला म्हणून ती पुन्हा खोलीत गेली आणि लॅपटॉपसमोर बसली. तो फोन वाजला तेव्हा रेकॉर्डिंग चालू होतं, बंद केलेलं नव्हतं. वहिनीचा आवाज त्यात येणं शक्य नाही, तो फक्त तिच्या कानात होता. पण आपला असेल. तिने हेडफोन चढवले. सृष्टीचं एक वाक्य. घंटी. खुर्चीची करकर. "हं, वैनी, बोला." शांतता. "कधी?" शांतता. मग खुर्ची नाही, पावलं नाहीत, नुसती खोली. चादरींनी गिळलेली, मेणासारखी शांतता, फार लांब. ती पुढे सरकवणार होती, एवढ्यात आवाज आला.

"आई."

एकदाच. हे कागदावर नव्हतं. तिच्या आठवणीतही नव्हतं. आवाज खालच्या पट्टीतला, सृष्टीसाठी ती लावते तो. आणि त्या शब्दाच्या आधी, तिने मागे घेऊन पुन्हा ऐकलं, पुन्हा ऐकलं, त्या शब्दाच्या आधी एक श्वास होता. पूर्ण. छातीभर.

म्हणजे तिचा नियम चूक होता. किंवा तीही खोटं बोलत होती, रिकाम्या खोलीत, कुणी ऐकत नसताना. सकाळपासून ज्या एका गोष्टीवर ती बसून राहिली होती ती गोष्ट गेली. आणि ती गेल्यावर तिला रडू आलं नाही, राग आला नाही, फक्त कुणीतरी दिलेली जड वस्तू बराच वेळ धरून ठेवल्यावर हात जसे होतात तसं सगळं अंग झालं. तिने हेडफोन काढले. साडी बदलली नाही. पिशवीत एक साडी, दम्याचा आईचा जुना पंप — मागे आली तेव्हा इथे विसरलेला — आणि चार्जर टाकला. पंप टाकताना थांबली. मग राहू दिला.

कमलाकरने तिला स्टँडवर सोडलं. कारखान्याचा मालक संध्याकाळी निर्यातीचा माल बघायला येणार होता. कमलाकर म्हणाला, "सांगून निघतो. तू पोचल्यावर कळव. खरं असलं तर लगेच येतो." आणि मग आपण काय म्हणालो हे लक्षात आल्यासारखा गाडीचा आरसा नीट करत राहिला.

बार्शीची बस अर्धी रिकामी होती. चेतना खिडकीशी बसली. शहर संपेपर्यंत तिने आईचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. येत होता तो पांढऱ्या लुगड्यातला, बारीक, सोसलेला, सृष्टीच्या आईचा. तो बाजूला केला की काहीच नाही. मग पुन्हा तोच. आपली आई कधीही सोसलेली दिसत नाही, हे तिला माहीत होतं, पण माहीत असणं आणि दिसणं...

शेजारी एक बाई बसली होती, मांडीवर मेथीच्या जुड्यांचं गाठोडं, वडाळ्याला उतरणारी.

"कुटं, वैराग का?"

"हो."

"म्हायेर व्हय?"

"हो."

"असंच? का काय काम काडलं?"

"आई..." चेतना म्हणाली, आणि पुढे क्रियापद हवं होतं. ते बाईने वाट बघून शेवटी स्वतःच घातलं.

"आजारी हाय?"

"हो," चेतना म्हणाली. "दमा आहे. रात्रभर बसून असते."

"लई वंगाळ आजार. माज्या जावंला हाय. बसवून ठिवावं लागतं, पाठीला उशी देऊन. थंड देऊ नगा काय. आन मोसंबी बी नगं, लोक न्हेत्यात उगं. डाळिंब न्ह्या, स्टँडवर मिळत्यात."

"नेते."

आणि वडाळा येईपर्यंत आई आजारी होती. नुसती आजारी. पाठीला उशी होती, दादा अंगणात होता, वहिनी कपात चहा गाळत होती, आणि चेतना डाळिंब घेऊन जाणार होती, निवडून, फार पिकलेली नकोत. इतकी निवांत जागा तिला सकाळपासून मिळाली नव्हती. ती खोटी होती, तिने स्वतः, एका अनोळखी बाईच्या मदतीने आत्ताच बांधलेली होती, हेही तिला स्वच्छ दिसत होतं, आणि त्याने काही बिघडत नव्हतं. सृष्टीची सगळी गोष्ट वाचताना तिला वाटायचं, ही बाई घाबरत कशी नाही? एवढं सगळं हातातून सुटतंय, तरी ही दाराला कडी लावून आत कशी बसते? आता कळलं. आत बसायला मिळतं म्हणून.

बाई वडाळ्याला उतरली. "बरी हुईल गं," म्हणाली, आणि आजारी आईही तिच्याबरोबर उतरून गेली.

बस पुन्हा निघाली. दोन्ही बाजूंना तूर, मग मोकळी काळी रानं. पर्समध्ये फोन थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. दादा असेल. वहिनी असेल. ऋतुराज असेल, तिसऱ्यांदा रडा म्हणायला. तिने पर्सवर हात ठेवला, नुसता, एखाद्याला थोपटावं तसा.

आणि मग ते आलं, काही आवाज न करता, दुसऱ्या कुणाचं वाटावं इतकं साधं. आई गेली असेल तर मला जाऊन फक्त बसायचं आहे. भिंतीला टेकून, डोक्यावरून पदर घेऊन. कुणी काही विचारणार नाही, कुणी काही मागणार नाही, रडू आलं नाही तरी धक्का बसलाय म्हणतील. आणि आई असेल तर मला हसावं लागेल. अंगणभर माणसांसमोर, त्यांच्याबरोबर, आई टाळ्या देत असताना. आणि तेवढं... तेवढं माझ्याच्याने आता होणार नाही.

ती थांबली, या विचाराचं जे काही व्हायचं ते होऊ दे म्हणून. अंगावर काटा यायला हवा होता. छाती दडपायला हवी होती. बस एका खड्ड्यातून गेली, खिडकीची काच खडखडली, पुढे कुणाचं तरी लहान मूल जागं होऊन पुन्हा झोपलं.

"आई, मी दमले गं," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले असेन, कारण पुढच्या सीटवरच्या माणसाने मान वळवून पाहिलं. गालांवर काहीतरी ओलं होतं. ते कुणासाठी होतं, कुणाच्या आवाजात मी बोलले, श्वास आधी आला की मध्ये, हे या वेळी मी ऐकलं नाही. वैराग यायला अजून अवकाश होता.